हिरव्या देठांची ओळ

कोवळ्या भेंडीच्या रोपाशी उकिडवे बसून देठ पाहिले की त्याचा बाप कोण ते कळते. ती ज्या ओळीपाशी बसली होती तिथे तरी कळायला हवे होते. आई हिरव्या देठाची जात, बाप तांबड्या देठाचा. दोघांच्या संकरात तांबडा रंग वरचढ ठरतो. बापाचा वाटा आला असेल तर रोपाच्या देठावर लालसर झाक उमटते आणि ती लपवता येत नाही. तिने पहिले रोप पाहिले. हिरवे. दुसरेही हिरवे. मग ती बसल्या बसल्या ओळीच्या टोकापर्यंत सरकत गेली. एका रोपावर किंचित लाली दिसली. बोटाने पुसली तर ती लाली मातीची होती.

याचा अर्थ एकच होता आणि तो तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तिने बापाचे पराग नेऊन ठेवण्यापूर्वीच आईच्या फुलांनी आपले आपण उरकून घेतले होते. संकराचे म्हणून तिने जे बी काढले आणि सर्वांच्या टाळ्या घेत संशोधन करणाऱ्या ताईच्या हाती दिले, ते त्याच हिरव्या जातीचे साधे बी होते. तसले बी कोणत्याही दुकानात मिळते.

ओळीच्या टोकाला लाकडी खुंटीवर पत्र्याची पाटी होती. वर संकराचे नाव, खाली तिचे. संकर ज्याच्या हातचा त्याचे नाव पाटीवर घालायचे, हा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती-प्रजनन विभागाचा जुना शिरस्ता होता. विद्यार्थ्यांना अभिमान वाटावा म्हणून तो कोणीतरी सुरू केला असावा. पाटी उलट दिशेनेही काम करते, हे सुरू करणाऱ्याच्या ध्यानात आले नसेल.

कृषी पदवीचा अभ्यासक्रम कोणत्याही एका गोष्टीचा नसतो. सोमवारी माती भट्टीत वाळवून तिच्यातले पाणी मोजायचे, मंगळवारी अळीचे पाय, बुधवारी ट्रॅक्टरची गिअरपेटी, गुरुवारी दुधातली स्निग्धता. शुक्रवारपर्यंत विद्यार्थ्याला सगळ्यातले थोडे येऊ लागते आणि आपल्याला नेमके काय येते, हे सांगता येईनासे होते. तिच्या बाबांचीही हीच अडचण होती. त्यांचे औषधांचे दुकान होते. मुलीला वैद्यकीयला प्रवेश मिळेल, या खात्रीवर त्यांनी निम्म्या गिऱ्हाइकांना ती बातमी आगाऊ सांगून ठेवली होती. प्रवेश थोडक्यात हुकला. त्यानंतर कोणी "मुलगी काय करते?" असे विचारले की बाबा "बी.एस्सी. करते" एवढे सांगत आणि लगेच फळीवरची बाटली काढायला पाठ वळवत. बी.एस्सी. कशात, हा प्रश्न त्यांच्या पाठीवर आदळून खाली पडे. तिनेही ते अर्धे उत्तर उचलले होते. घराण्याचा वारसा म्हणावा असे ते एकच होते.

मग वनस्पती-प्रजननाची प्रात्यक्षिके सुरू झाली आणि तिला आपल्या हातांचा शोध लागला.

भेंडीचे फूल सकाळी उमलते. उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कळी उघडायची, मधल्या दांड्याला चिकटलेले परागकोश चिमट्याने खरवडून काढायचे, चिमटा स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि कळीवर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उतरवून बापाचे पराग लावायचे. एक काम संध्याकाळचे, दुसरे सकाळचे. मध्ये एक रात्र असते आणि ती रात्र पद्धतीचाच भाग आहे. वर्गातल्या बाकीच्यांचा चिमटा लागला की कळ्या दुखावून दोन दिवसांत गळून पडत. तिच्या टिकल्या. विभागप्रमुख सर म्हणाले, "ही तर सर्जन आहे!" आणि ते नाव तिला चिकटले. त्याच तासाला वर्गातल्या दुसऱ्या एका मुलालाही नाव मिळाले. त्याची जवळजवळ सगळी फुले गळली होती. त्याचे नाव पडले पानगळ.

बाबांना तिने हे फोनवर सांगितले. ते म्हणाले, "सर्जन? सगळे म्हणतात?"

"सगळे. सरसुद्धा."

त्या आठवड्यापासून बाबा गिऱ्हाइकांना पूर्ण उत्तर देऊ लागले, असे आत्याकडून कळले. "शेतीशास्त्रात आहे. तिथे तिला सर्जन म्हणतात." आत्याचे म्हणणे असे की दादा हे वाक्य खोकल्याच्या औषधाबरोबर फुकट देतो.

ती ताई विभागातली संशोधक होती. तांबड्या जातीत पिवळ्या शिरांच्या रोगाला दाद न देण्याचा गुण आहे. तो गुण पुढच्या पिढ्यांत कसा उतरतो, यावर तिचे पीएच.डी.चे सारे काम उभे होते. त्यासाठी तिला संकराचे पुष्कळ बी हवे होते. तिने दोघांना निवडले. सर्जनला हातासाठी आणि पानगळला, तिच्याच शब्दांत, "हा निदान येतो तरी" म्हणून. संकर एकच, करणारे दोन.

पहिल्याच संध्याकाळी सर्जन चिमटा, स्पिरिटची बाटली आणि पिशव्या घेऊन गुडघ्यापर्यंत चिखलाच्या बुटांत शेताकडे निघाली. शेताच्या कडेने शहराचा मोठा रस्ता जात होता. तिथे तिला शाळेतली मैत्रीण भेटली. ती आता वैद्यकीयला होती. अंगावर पांढरा कोट होता. रस्त्यावर कोट घालून हिंडण्याचे वैद्यकीय कारण काहीही नसते, पण वय असते.

"अगं, तू? हे काय घातलंयस पायात?"

"बूट."

"शेतात जावं लागतं का तुम्हाला? म्हणजे खरंखुरं?"

"छे गं. लॅबमध्येच असतं बहुतेक सगळं. आज जरा नमुने आणायचेत."

"मग ठीक. मला वाटलं खुरपायला लावतात की काय. सहाला आम्ही सगळ्या त्या कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात असतो. येत जा की. पण हे काढून ये हं."

ती वसतिगृहावर परतली, बूट काढले आणि गेली. दुसऱ्या संध्याकाळीही गेली. कळ्यांचे काम तिने सकाळवर ढकलले. उजाडता उजाडता शेतात जायचे, न उमललेली कळी निवडायची, परागकोश काढायचे आणि लगेच बापाचे पराग लावून पिशवी चढवायची. दोन्ही कामे एका खेपेत. कळी मिटलेली आहे म्हणजे परागकोशही अजून फुटले नसणार, असे तिने स्वतःला सांगितले. भेंडीचे परागकोश कळी उमलण्याच्या आधीच फुटतात. परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि तिला त्यात पैकीच्या पैकी गुण होते.

फळे भरभरून धरली. हाताने केलेल्या संकरात पुष्कळ फुले वाया जातात. तिची जवळजवळ गेलीच नाहीत. ज्या निकालात तोटा अजिबात दिसत नाही, त्याच्याकडे विज्ञान शिकलेल्या माणसाने आधी संशयाने पाहायचे असते. पण विभागात त्या दिवशी सगळे खूश होते. शंका यायला हवी होती तिथे टाळ्या आल्या. ताईने तिला मिठी मारली. पानगळने मूठभर बी आणले होते. सरांनी ते तळहातावर घेऊन म्हटले, "हे पेरायचं की नुसतं बघायचं?" सगळे हसले. पानगळ सगळ्यांत मोठ्याने हसला.

ताईने दोघांचे बी शेजारी शेजारी ओळींत स्वतःच्या हाताने पेरले आणि ती दुसऱ्या एका केंद्रावर कामाला गेली. शिवार-फेरीच्या दिवशी परतणार होती. विभागातली ही शिवार-फेरी म्हणजे वर्षातून एकदा शेत लोकांना दाखवण्याचा दिवस. पालकही येत.

ओळ हिरवी आहे हे कळल्यानंतर तिने जे केले त्याला पद्धतशास्त्रात सभ्य नाव नाही. ती वाट पाहू लागली. तांबडा रंग उतरायला ऊन लागते, आणि त्या दिवसांत आभाळ होते. हे कारण खोटे नव्हते. फक्त शेजारीच पानगळची ओळ होती. त्याच आभाळाखाली, त्याच मातीत, त्याच पाण्यावर. तिच्यात रोपे जेमतेम आणि मध्ये मोठमोठ्या फटी. पण जे रोप होते त्याचा प्रत्येक देठ लालसर होता. तुलनेसाठी याहून चांगली ओळ कोणी मुद्दाम मांडूनही मांडू शकला नसता.

पानगळ रोज झारी घेऊन येई आणि सांगितलेले नसताना दोन्ही ओळींना पाणी घाली. एके दिवशी तो तिच्या ओळीपाशी थांबला.

"तुझ्या ओळीला अजून रंग नाही आला का?"

"येईल. ऊन कुठाय?"

"ऊन तर माझ्यावरही नाहीये," तो म्हणाला. मग आपण नको ते बोललो असे वाटून घाईघाईने हसला आणि झारी उचलून निघून गेला.

तिने ताईला फोन करायचे ठरवले. ठरवणे आणि करणे यांत तिने पुरेसे अंतर ठेवले. तेवढ्यात बाबांचाच फोन आला.

"शिवार-फेरीला मी येतोय. दुकान बंद ठेवणार."

"कशाला बाबा? बघण्यासारखं काही नसतं. झाडं असतात."

"झाडंच बघायला येतोय. आत्यापण येणार आहे. तिला दाखवायचंय. पाटीवर तुझं नाव आहे ना?"

"आहे."

"पूर्ण? आडनावासकट?"

"हो बाबा."

"मग झालं तर," बाबा म्हणाले.

शिवार-फेरीच्या सकाळी, बाकीचे मांडवात खुर्च्या लावत असताना, ती वाफ्यावर गेली आणि तिने दोन्ही पाट्या उपटून एकमेकींच्या जागी रोवल्या. जमीन ओली असल्यामुळे फारसा जोर लागला नाही. तिचा युक्तिवाद तयार होता, आणि त्यात तिला त्या क्षणी एकही भोक दिसेना: संकर दोघांचा एकच आहे, पाट्यांवर फरक फक्त नावांचा आहे, नावांच्या अदलाबदलीने एकही आकडा बदलत नाही, म्हणून विज्ञानाचे काही नुकसान होत नाही. उद्या परत बदलता येईल. पानगळला तर सवयच आहे.

शेवटचे वाक्य मनात येऊन गेल्यावर ती थोडा वेळ खुंटी धरून तशीच बसून राहिली. पण पाट्या तिने तशाच ठेवल्या.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांच्या मागे आत्या, पर्स छातीशी धरून, पावले मोजून टाकत.

"दादा, बूट सांभाळ. परवाच पॉलिश केलेत." मग भाचीकडे वळून, "हीच का गं ती भेंडी? आमच्या भाजीवाल्याकडेही असते."

"ही संकराची आहे, आत्या."

"महाग असेल मग," आत्या म्हणाली आणि सावली शोधायला मांडवाकडे गेली.

बाबा एकेक पाटी औषधाच्या वेष्टनासारखी वाचत पुढे सरकत होते: आधी नाव, मग बारीक अक्षरे. पानगळ त्याच वाफ्यावर पाहुण्यांना माहिती द्यायला उभा होता. तो नुकताच आला होता. बाबा लेकीच्या नावापाशी थांबले. त्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली, मग मान वर करून ओळ पाहिली. फटी, मध्येच एखादे रोप, पुन्हा फट.

"एवढीच?"

"इतकीच आली, बाबा."

"पण तुझी फुलं गळत नाहीत ना? तू तर म्हणालीस..."

"कधीकधी गळतात."

बाबांनी समजूतदारपणे मान हलवली. ती मान पाहून तिला वाटले, ते ओरडले असते तर बरे झाले असते. मग त्यांची नजर शेजारच्या ओळीवर गेली आणि तिथेच राहिली.

"आणि ही? बघ, काय सुरेख आलीय! एकही जागा रिकामी नाही. सगळी रोपं कशी एकसारखी, हिरवीगार." त्यांनी पाटी वाचली. "कोण आहे हा मुलगा?"

"मी, काका," पानगळ म्हणाला. बोलता बोलता त्याची नजर पाटीवर गेली. मग शेजारच्या पाटीवर. मग तिच्यावर. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर तिला काहीतरी करता आले असते. तो फक्त जरा लाल झाला. जणू पाट्या त्यानेच हलवल्या होत्या आणि पकडला गेला होता.

"शाबास!" बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आमच्या हिलाही शिकव जरा."

"नाही काका, हीच मला शिकवते," पानगळ म्हणाला.

एवढ्यात सर पाहुण्यांचा घोळका घेऊन आले. त्यांच्याबरोबर ताई होती, प्रवासाची पिशवी अजून खांद्यावर.

"आणि इथे, मंडळी," सर म्हणाले, "एकच संकर दोन हातांनी केलेला आहे. डावीकडची ओळ पाहा. रोपं थोडी, पण प्रत्येक देठाला लाली. अस्सल संकर. पाटी बघा, आमची सर्जन! आणि उजवीकडे..." ते वाकले, एक रोप पाहिले, दुसरे पाहिले आणि सरळ होऊन पाटी वाचली. "अरे पानगळ! फुलं गळली ती परवडली रे. राहिली ती सगळीच आईवर गेली!"

हशा पिकला. पाहुण्यांना विनोद कळला होता असे नाही. पण शेतात बराच वेळ उभ्या असलेल्या माणसांना हसायला निमित्त हवे असते.

"संध्याकाळी आला नसशील. सकाळी दोन्ही कामं एकदम उरकलीस. खरं ना?"

पानगळ जमिनीकडे पाहत होता. "पुन्हा करतो, सर," तो म्हणाला. त्या उत्तरात खोटे एक अक्षरही नव्हते.

ताई हसली नव्हती. ते बी तिने स्वतः पेरले होते. मूठभर बियांतून एवढी गच्च ओळ उगवत नाही हे तिला ठाऊक होते. तिने ओळींकडे पाहिले, पाट्यांकडे पाहिले आणि मग पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट करत सर्जनकडे पाहत राहिली. बोलायची जागा तिने मोकळी ठेवली होती.

बाबा कुजबुजले, "म्हणजे हे चुकलंय? दिसतंय तर छान."

ती त्यांना खालच्या आवाजात समजावू लागली. त्या घडीला तिला येत होते ते एवढेच. तांबडा रंग वरचढ असतो, परागकोश आधीच फुटतात, म्हणून आदल्या संध्याकाळी काढायचे असतात. ते न काढता सकाळीच सगळे केले तर फूल स्वतःशीच फळते. सगळे बरोबर सांगितले, परीक्षेत लिहिले होते तसे.

बाबांनी ऐकून घेतले. "म्हणजे संध्याकाळचा डोस चुकवला आणि सकाळी दोन्ही एकदम घेतले."

"हो."

"असे लोक रोज येतात माझ्याकडे. आणि वर मलाच सांगतात, तुमचं औषध लागू पडत नाही." त्यांनी पानगळकडे पाहिले. त्या नजरेत मघाची थाप परत घेतल्यासारखे काहीतरी होते. "चेहऱ्यावरून बरा वाटला होता. आळशी निघाला."

"बाबा, ती ओळ माझी आहे."

"काय?"

मग ते तिला मोठ्याने म्हणावे लागले. प्रमाणाबाहेर मोठ्याने आले. "हिरवी ओळ माझी आहे. संध्याकाळी मी येत नव्हते. पाट्या मी बदलल्या, आज सकाळी."

कोणी हसले नाही. पाहुण्यांपैकी एकाने उगाच घड्याळ पाहिले. सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"पाट्या जागेवर लाव," ते म्हणाले आणि घोळका घेऊन पुढच्या वाफ्याकडे गेले. तिथून त्यांचा नेहमीचा आवाज लगेच ऐकू येऊ लागला. टोमॅटोबद्दल होते काहीतरी.

तिने खुंट्या उपटल्या. सकाळी केलेली भोके सैल झाली होती आणि मूळची भोके अजून तशीच उघडी होती. दोन्ही पाट्या एकदम सावरता येईनात तेव्हा बाबांनी हात पुढे केला आणि एक पाटी धरली. ती पानगळच्या नावाची होती. इस्त्रीच्या बाहीला चिखल लागला. ती आपली पाटी हिरव्या ओळीला रोवून, टाचेने माती दाबून होईपर्यंत बाबा ती परक्या मुलाच्या नावाची पाटी छातीशी धरून उभे होते, आणि ती त्यांच्या हातून घेताना तिने वर पाहिले नाही.

"तुझ्याकडे बी शिल्लक आहे का थोडं?" ताईने पानगळला विचारले.

"सगळं पेरलं, ताई."

"मग हंगाम गेला." ताई हे आज आभाळ आहे असे म्हणावे तसे म्हणाली.

फाटकापर्यंत तिघे चालत गेले. आत्या इतका वेळ मांडवात होती, तिला काही कळले नव्हते. "झालं काय? अशी तोंडं का पाडलीत? उन्हाचं झालं का? दादा, तुझ्या बाहीला काय लागलंय?" फाटकाशी बाबांचे एक जुने गिऱ्हाईक भेटले. ते आपल्या मुलाला शेत दाखवायला घेऊन आले होते.

"अरे! तुम्ही इकडे कुठे?"

"मुलीकडे आलो होतो."

"अच्छा, ही का? काय करते?"

"बी.एस्सी. करते," बाबा म्हणाले.

पाठ वळवायला तिथे फळी नव्हती. त्यांनी आत्याला हाक मारली आणि ते रस्त्याकडे वळले.

ती ओळ उपटायची परवानगी तिने मागितली तेव्हा सर म्हणाले, "मुळीच नाही. स्वपरागीभवन शिकवायला याहून चांगलं साधन मला सापडणार नाही." त्यामुळे ओळ पाटीसकट उभी राहिली. धाकट्या वर्गांना तिथे आणून देठ दाखवले जात. विद्यार्थी देठ पाहत आणि मग पाटी. भेंडीही भरपूर लागली. हिरवी, कोवळी, सरळ. तिच्यात भाजी म्हणून काहीही दोष नव्हता. वसतिगृहाच्या खानावळीने आनंदाने नेली. ताटात ती आली की टेबलावरचे कोणीतरी "सर्जन, वाढू का?" असे विचारी. नाही म्हटले तरी विनोद, हो म्हटले तरी विनोद. ती खात असे.

पानगळला तिने एकदाच विचारले. तो झारी भरत होता.

"तू बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुझे बाबा उभे होते." त्याने भरलेली झारी उचलली. "आणि खरं सांगू? थोडा वेळ बरं वाटलं. आजपर्यंत माझ्या ओळीला कोणी शाबास म्हटलं नव्हतं. चुकीची ओळ होती, पण पाठ तर माझीच होती ना."

तो स्वतःच्या वाक्यावर हसला. तिला हसता आले नाही, आणि माफी मागायचीही ती विसरली. हे तिच्या ध्यानात आले तोवर तो वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता. मग तिने तिथवर जाऊन ती मागितली. तो "बरं" म्हणाला आणि तिच्या बुटांवर पाणी सांडले म्हणून त्यानेच उलट माफी मागितली.

पुढच्या हंगामात संकर पुन्हा करायचा होता. ताईने चिमटा पानगळच्या हातात दिला. सर्जनकडे तिने स्पिरिटची बाटली दिली. "प्रत्येक कळीनंतर पुढे करायची," ताई म्हणाली. "तो विसरला तर आठवण करायची. कळीला हात लावायचा नाही." त्यात राग नव्हता. जो हात स्वतःची नोंद खोटी करतो त्याला उपकरण द्यायचे नाही, एवढाच नियम होता, आणि नियम बरोबर होता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती चिखलाच्या बुटांत बाटली धरून त्याच्या शेजारी उभी राही. त्याचा हात जड होता. कळी तुटली की तो स्वतःशी "गेली" म्हणे आणि पुढच्या कळीकडे वळे. तिची बोटे बाटलीभोवती आपोआप आवळत. ती कळी कशी वाचली असती ते तिला दिसत असे. ती काही बोलत नसे. झाकण उघडून बाटली पुढे करी.

एके संध्याकाळी रस्त्यावरून ओळखीचा आवाज आला. पांढरा कोट कुंपणापाशी थांबला होता.

"काय गं, लॅब इकडे आली वाटतं?"

तिचे कान तापले. बाटली मागे लपवावी असे हाताला वाटले, आणि हात अर्धा मागे गेलाही. मग पानगळने न पाहता चिमटा पुढे केला, आणि चिमटा तिथे हवेत थांबला. तिने बाटली परत पुढे आणली.

"हो," ती म्हणाली. "रोज इथेच असते. संध्याकाळी यायला जमणार नाही मला."

"बरं बाई," मैत्रीण म्हणाली आणि गेली. कान बराच वेळ तापलेले राहिले.

बाबांनी शिवार-फेरीनंतर बरेच दिवस फोन केला नव्हता. त्या दिवशी तिने बूट धुवायला नळाखाली धरले होते तेव्हा आला.

"संध्याकाळी गेली होतीस?"

"हो, बाबा."

"आणि सकाळी?"

"सकाळी परत जायचंय. पराग लावायला."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशीही त्याच सुमाराला फोन आला, तिसऱ्याही. प्रश्न तेच, त्याच क्रमाने. एकदा डोस चुकवलेल्या रोग्याला बाबा दुकानात असेच विचारत, हे तिने लहानपणापासून पाहिले होते. रोगी हो म्हणे. बाबाही बरं म्हणत, आणि तो पाठमोरा झाला की त्याने दाखवायला आणलेल्या बाटलीत औषध किती उरले आहे ते उजेडासमोर धरून पाहत.

तिच्याकडे उजेडासमोर धरण्यासारखे काही नव्हते. बी पिकून, पेरून, दुसऱ्या पानावर यायला अजून वेळ होता. तोपर्यंत ती रोज हो म्हणत राहिली, आणि बाबा रोज विचारत राहिले.